दुसरा डोळा

दोघी बहिणींत ती लहान, म्हणून पन्नाशीला टेकली तरी घरात तिचं नाव धाकटीच राहिलं होतं. इस्पितळात मात्र सगळे तिला मॅडम म्हणत, आणि डोळ्याच्या पडद्याची अवघड ऑपरेशनं दुरून दुरून तिच्याकडे येत. तिचा हात स्थिर होता, बोलणं मोजकं होतं, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना ती कधी खोटी आशा दाखवत नसे. ज्या सकाळी सर तिच्या खोलीत येऊन बसले, त्या सकाळीही तिने आधी त्यांचा डोळा तपासला आणि मगच त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

हे काम सरांनीच तिला शिकवलं होतं. पडद्यावरचा तो नखाच्या पापुद्र्याहूनही पातळ थर नेमका कुठून उचलायचा, ही युक्ती मात्र तिने शोधून त्यांना दाखवली होती, आणि पुढे ती युक्ती त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तेवढं ती विसरूनही गेली असती. पण त्या युक्तीचं प्रात्यक्षिक सरांनी भरल्या सभागृहापुढे करायचं ठरवलं, आणि टेबलावर होती तिची ताई. ताईचा एक डोळा लहानपणीच्या तापात गेलेला. उरलेल्या डोळ्याच्या भरवशावर ती शाळेत चित्रकला शिकवायची. ऑपरेशन मोठ्या पडद्यावर पाहणाऱ्या कुणीतरी प्रश्न विचारला, सरांनी उत्तर द्यायला मान वळवली, काहीतरी गमतीचं बोलले, सभागृह हसलं, आणि त्या हशातच त्यांच्या हातातला चिमटा खोल गेला. नंतरच्या चौकशीत सर अगदी शांतपणे म्हणाले, "मदतनीस डॉक्टरचा हात हलला." मदतनीस डॉक्टर धाकटीच होती.

"करशील ना?" सरांनी विचारलं. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला ऐन मधोमध छिद्र पडलं होतं. माणसांचे चेहरे त्यांना नाक-डोळे पुसून टाकल्यासारखे दिसत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला होता. "तुझ्याइतका चांगला हात कुणाचा नाही. मी सगळ्यांना हेच सांगतो."

जणू मधे काही घडलंच नव्हतं. धाकटीने त्यांना तारीख दिली. घरी ताईला तिने यातलं काही सांगितलं नाही. आंधळेपणाची सवय करून घेता घेता ताईने सरांचं नाव घेणंच सोडून दिलं होतं, आणि धाकटीनेही ते घरात कधी काढलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी, डोळा बधिर करून सर टेबलावर जागे पडून होते. डोळ्यातली जेली काढून झाली, निळा रंग आत सोडून तो पातळ थर उजळला, आणि धाकटीने चिमटा आत नेला. "चिमट्याची सावली दिसतेय मला," सर चादरीखालून म्हणाले. "घाई नको. कडेने उचल. माझ्या पद्धतीने."

चिमट्याचं टोक पडद्यापासून केसभर अंतरावर थांबलं. खाली तो नाजूक भाग निळसर चमकत होता, आणि एवढंसं बोट झुकलं असतं तर काम झालं असतं. कुणी विचारलं असतं तर तिच्यापाशी उत्तरही तयार होतं: मदतनीसाचा हात हलला. पण तिला वेगळंच हवं होतं. तिला सरांना अंधारात ढकलायचं नव्हतं, तिला त्यांना लख्ख दृष्टी द्यायची होती, आणि पट्टी निघाली की ताईला त्यांच्यापुढे उभं करून म्हणायचं होतं, "सर, ही माझी ताई. आता नीट बघा हिच्याकडे." त्यांच्या नजरेला पळायला जागा उरू द्यायची नाही, हा तिचा सूड होता. म्हणून तिने आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार ऑपरेशन केलं. थर एका ओढीत, कुठेही न फाटता निघाला. शेजारची नर्स नकळत "वा!" म्हणून गेली.

शेवटी छिद्र मिटावं म्हणून डोळ्यात वायू भरला. अशा रुग्णाला काही दिवस तोंड खाली करूनच राहावं लागतं. आयुष्यात कुणापुढे मान न झुकवलेले सर खाटेच्या काठावर उशीत कपाळ रुतवून बसले, आणि फेरीला गेलेली धाकटी जरा जास्तच वेळ तिथे उभी राहिली.

"काही दिसतंय का, सर?"

"वायू आहे तोवर काय दिसणार?" ते उशीतून म्हणाले. "मलाच शिकवतेस?"

त्याच आठवड्यात सकाळी चहा घेताना ताई म्हणाली, "गंमत सांगू? मला कापड दिसतंय. पांढरं, जाड विणीचं. अगदी नाकाला टेकल्यासारखं जवळ. बाकी सगळं धुरकट."

धाकटीने कप खाली ठेवला. नजर गेलेल्या माणसांना असले भास होतात, मेंदू रिकामा बसत नाही, हे तिने कितीतरी रुग्णांना समजावून सांगितलं होतं. तेच तिने ताईलाही सांगितलं. ताई म्हणाली, "असेल बाई," आणि पावाला लोणी लावू लागली.

मग ताईने रेघेचं सांगितलं. "वरून एक रेघ खाली यायला लागलीय. डोलते, अर्ध्या भरलेल्या बाटलीतल्या पाण्यासारखी. रेघेच्या वर स्वच्छ, खाली गढूळ."

आता मात्र धाकटीने खुर्ची ताईच्या जवळ ओढली. डोळ्यातला वायू जिरू लागला की रुग्णाला नेमकं हेच दिसतं, आणि ताईच्या डोळ्यात कधी वायू भरलाच नव्हता. "अजून काय दिसतं?" तिने विचारलं, तर ताई सहज सांगत गेली: ठिपक्यांची फरशी, कोपऱ्यात तडकलेली, आणि तिच्यावर तपकिरी चपला, त्यातल्या एकीचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला.

धाकटी इस्पितळात पोचली ती खांद्यावरची पिशवीही न ठेवता थेट सरांच्या खोलीत गेली. सर मान खाली घालून बसले होते. त्यांच्या पायाशी ती फरशी होती, तो तडा होता, आणि सरांच्या तपकिरी चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

"कोण? तूच का?" सरांनी विचारलं. "रेघ कधी दिसायला लागते गं? एव्हाना दिसायला हवी होती."

रेघ त्यांना दिसलीच नाही. वायू पूर्ण जिरला, छिद्र मिटलं, तपासणीच्या चित्रात पडदा एखाद्या तरुण माणसाचा असावा तसा नितळ आला. उजेड टाकला की बाहुली आक्रसायची, नस ठणठणीत होती, आणि त्या डोळ्याने सरांना काळोखाशिवाय काही दिसत नव्हतं. ऑपरेशनचं चित्रीकरण त्यांनी मागवून घेतलं आणि डाव्या, पिकत्या डोळ्याने, संगणकाच्या पडद्याला नाक लावून, पुन्हा पुन्हा पाहिलं.

"चूक सापडत नाही," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगलं केलंयस." त्यांनी चित्रीकरण पुन्हा सुरुवातीला नेलं. "मग दिसत का नाही मला?"

सरांच्या तोंडून 'माझ्यापेक्षा चांगलं' ऐकण्यासाठी धाकटी इतकी वर्षं जगली होती. आता ते तिने अर्धवटच ऐकलं. ती विचार करत होती, की या क्षणी ताईला काय दिसत असेल.

घरी ताईचं रूप पालटत होतं. ती खिडकीशी बसून स्वतःशी हसायची. सर झोपत त्या वेळी ती म्हणायची, "गेलं सगळं," आणि ते उठत तेव्हा, "आलं!" धाकटीने घाबरायला हवं होतं, कुणाला तरी सांगायला हवं होतं. पण ताई रंगांची नावं पुन्हा घेऊ लागली होती, आणि धाकटी गुपचूप ऐकत बसायची. एका दुपारी ताईने तोंड वाकडं केलं. "आज सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतंय. भिंत हलतेय, दार हलतंय."

"म्हणजे?"

"रडतायत," ताई शांतपणे म्हणाली. "रडू दे त्यांना."

घरात सरांचं नाव निघालं नव्हतं. धाकटीने ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तपासणीला सर येणार होते त्या दिवशी ताईच म्हणाली, "आज मला तुझ्याबरोबर यायचंय." धाकटीने तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. मनाशी इतकी वर्षं घोटलेलं ते वाक्य आता निरुपयोगी झालं होतं. बघा म्हणायचं कुणाला? सरांचा डावा डोळा झाकून ती उजव्यात टॉर्च टाकत होती, तेवढ्यात दार उघडलं. चाहूल लागून सरांनी मान वळवली, आणि त्यांचा तो उघडा, निर्मळ, निकामी डोळा दारातल्या ताईवर येऊन थांबला.

ताई उंबऱ्यावरच थबकली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली, "किती पिकले गं माझे केस."

सरांच्या चेहऱ्याकडे आरशात बघावं तसं बघत तिने कपाळावरची बट कानामागे सारली. धाकटीच्या हातातला टॉर्च तसाच जळत राहिला.

"कोण आलंय?" सरांनी विचारलं.

उत्तर ताईनेच दिलं, पण धाकटीला. "एकाच डोळ्याने खोल-उथळ कळत नाही गं. जिना उतरताना जीव घाबरतो."

"अगदी बरोबर बोलतायत या," सर म्हणाले. "माझंही तेच होतं. तू आता लांबवू नकोस. डाव्या डोळ्याचं ऑपरेशनही तूच करून टाक."

बोलता बोलता ते जोरजोरात मान हलवत होते, आणि दारात ताई, तोल जाऊ नये म्हणून, चौकट घट्ट धरून उभी होती.