दिवेलागणीला माझा आवाज बंद असतो

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड डबा टीव्ही आहे आणि जन्माचा भित्रा आहे. हसू नका. रोज संध्याकाळी चार-चार माणसं तुमच्या पोटात शिरून एकमेकांवर ओरडली असती, तर तुम्हीही भित्रे झाला असता. आज तर मला इतकी भीती वाटते आहे, की हे सांगताना माझं चित्रसुद्धा थरथरतंय.

माझी उमेदीची वर्षं पुण्याजवळ जांब्याला गेली. अकोल्याहून नोकरीसाठी आलेल्या पियूषसाहेबांच्या घरी मी होतो. त्यांच्या पत्नी मोनालीताई मला मऊ फडक्यानं पुसायच्या. पुढे भिंतीवर एक पातळ, चकचकीत टीव्ही आला आणि मी गॅलरीत कुंड्यांमागे जाऊन बसलो. सोसायटीचा वॉचमन निलेश याला माझी दया आली. त्यानं मला चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर बांधलं आणि मुळशीच्या डोंगरातल्या आपल्या वाडीवर आणलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला माझा जीव जायचा आणि परत यायचा.

वाडीवर माझं केवढं कौतुक झालं! निलेशची आई सखू, तिनं मला हळदकुंकू लावलं. त्याचा बाप धाकलू माझ्यासमोरून हलेना. फक्त या घरात एक रीत होती. दिवेलागणीला सखूनं देवापुढे दिवा लावला, की जेवणं होईपर्यंत घरात परक्या माणसाचा आवाज चालायचा नाही. मला बंदच केलं असतं. पण माझं बटण खराब, एकदा विझलो की परत पेटेन याची खात्री नाही. म्हणून सखू नुसता आवाज घालवायची. चित्र चालू, तोंड बंद.

आणि नेमकी तीच वेळ बातम्यांमधल्या तज्ज्ञांची! निवेदक मनीष हात नाचवायचा. त्याच्याकडे शेखरराव नावाचे एक तज्ज्ञ ठरलेले. सकाळी कांद्यावर बोलायचे, दुपारी क्रिकेटवर आणि संध्याकाळी परदेशातल्या लढाईवर. धाकलूला ते फार आवडायचे. "गडी कसा ठासून बोलतोय!" म्हणायचा. दुसऱ्या क्षितिजाबाई. डोंगर, दगड, माती हेच त्यांचं शिक्षण. त्या सावकाश बोलायच्या, "अजून तपासायला हवं" म्हणायच्या. मग मनीष ओरडायचा, "बाई, हो की नाही, एवढंच सांगा!" बाईंचं एकही वाक्य कधी पूर्ण झालेलं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी श्रावणात दूर कुठेतरी दरड कोसळली. संध्याकाळी चर्चा सुरू झाली. दिवा लागलेला, माझा आवाज गेलेला. आणि माझ्या काचेवर अर्ध्या भागात तो कोसळणारा डोंगर आणि उरलेल्या अर्ध्यात, काय सांगू, आमच्याच वाडीवरचा डोंगर! कुणीतरी जुनं चित्र काढून त्यावर लाल गोल मारला होता.

"आगं सखू, ह्यो तर आपला डोंगूर!" धाकलू ताडकन उठला.

"व्हय की! त्यो बघा मोबाइलचा टावर. लाल गोल कशापायी?"

सोनम, निलेशची बायको, नववा महिना लागलेली. ती म्हणाली, "आत्या, आवाज वाढवू का?"

"दिवा लागलाय न्हवं? आन् ऐकायचं काय ऱ्हायलंय? डोळ्यांनी दिसतंय की!"

त्याच क्षणी क्षितिजाबाई सांगत होत्या, "मुळशीतल्या या डोंगराला आज धोका नाही, तेव्हा लोकांनी घाबरून पावसात बाहेर पडू नये, तर..." तेवढ्यात मनीषनं त्यांना तोडलं. माझ्या आत ते स्पष्ट वाजत होतं आणि बाहेर चकार शब्द निघत नव्हता. धाकलूनं हाळी दिली आणि सगळी वाडी निघाली. सोनमला घोंगडीच्या झोळीत घालून भरलेल्या ओढ्यातून नेलं. मधोमध एकाचा पाय घसरला आणि झोळी पाण्याला टेकली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी रिकाम्या घरात, त्या दिव्यासमोर, एकटाच ओरडत बसलो होतो.

देवाची कृपा, माणसं खालच्या शाळेत पोचली. पहाटे तिथेच सोनमला मुलगी झाली. ओढ्यापलीकडे जन्मली म्हणून तिचं नाव गंगेवरून जान्हवी ठेवलं. डोंगर मात्र जागचा हलला नव्हता. घरी आल्यावर सखू माझ्याकडे बोट करून कडाडली, "ह्या डबड्यानं माझी सून मारली असती!" तेव्हापासून माझ्या कुठल्याच तज्ज्ञावर वाडीचा विश्वास उरला नाही.

आणि आज? आठ दिवस पाऊस थांबलेला नाही. सकाळपासून फोनची रेंज गेली आहे, निलेश कामावर जांब्याला अडकला आहे. सखूनं आत्ताच दिवा लावला, माझा आवाज घालवला. चुलीवर भात आहे. जान्हवी सोनमच्या मांडीवर झोपली आहे.

माझ्या काचेवर परत तोच डोंगर आला. परत तोच लाल गोल.

"आलं बघ त्यांचं परत," धाकलू हसला. "आन् शेखरराव बी हसतोय. काय व्हत न्हाई."

शेखरराव हसताहेत खरे. "आपली माणसं उगाच घाबरतात," असं ते म्हणताहेत. पण क्षितिजाबाई हसत नाहीत. त्या आज दुपारी स्वतः त्या डोंगरावर जाऊन आल्या आहेत. "माथ्यावर नवी भेग पडली आहे, माती सुटली आहे. खालच्या वाडीनं आत्ता, या क्षणी, शाळेकडे निघावं. ओढ्यातून नको, वरच्या पुलावरून जा." मनीष आज त्यांना अडवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा बाईंचं वाक्य पूर्ण झालं आणि ते ऐकायला या घरात मी एकटाच आहे.

मित्रांनो, माझं नुसतं चित्र बघून पळू नका आणि नुसतं चित्र बघून बसूनही राहू नका. कोण बोलतंय, त्यानं काय पाहिलंय, ते शेवटपर्यंत ऐका. पण हा उपदेश राहू दे नंतर. आत्ता कुणीतरी सखूला सांगा हो, दिवा रागावणार नाही. रिमोट तिच्या मागच्या कोनाड्यात आहे. भात उतरेपर्यंत थांबू नका म्हणावं. माझा आवाज वाढवा!