बंद केलेली तपासणी

"वहिनी, कॉम्प्युटरची ही डिस्क स्वतःच सांगतेय की ती जाणार आहे. आजच्या आज कॉपी करून घ्या," निकेत म्हणाला होता. निकेत माझा धाकटा दीर. रेवदंड्याला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी मांडीवरच्या रुचिताचं नाक पुसत म्हटलं, "तुम्हाला नवी डिस्क खपवायचीय, भावजी."

तो हसला, पण जाताना समजावून गेला. डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते. किती तास चालली, किती तापली, आतली किती जागा खराब झाली, तिच्याऐवजी राखीव जागा किती वापरली. कॉम्प्युटर सुरू होताना ती नोंद बघतो. लक्षण वाईट दिसलं की काळ्या पडद्यावर इंग्रजीत तसं लिहितो आणि थांबतो. एफ-वनचं बटण दाबेपर्यंत पुढे जात नाही.

हे थांबणंच मला नको झालं, बाबांमुळे.

माझे बाबा दर रविवारी दिवेआगरहून आमच्याकडे चौलला यायचे. दिघीची खाडी जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने ओलांडायची, मग एसटी. नातीला बघायला जातो, असं सगळ्यांना सांगायचे. खरं तर यायचे आईला बघायला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटचे चार महिने उपचारासाठी माझ्याकडे होती, तेव्हा या कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर बसून पुढेमागे होणाऱ्या नातवंडाशी बोलायची. दिवेआगरच्या घरातले फोटो दोन हजार वीसच्या चक्रीवादळात भिजून एकमेकांना चिकटले. त्यामुळे तिचे म्हणून उरले होते ते हे अकरा व्हिडिओ.

एकात ती बोलता बोलता थांबते आणि थेट समोर बघून म्हणते, "आणि तुमी? गोळी घेतलाव काय?" बाबा दर वेळी पडद्याला उत्तर द्यायचे, "घेतली गो. कितींदा विचारशील?" मग माझ्याकडे वळून, "हिची वटवट काय कमी झाली न्हाय."

एका रविवारी मी रुचिताला डॉक्टरांकडे नेलं होतं. परत आले तर बाबा काळ्या पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसलेले. "बाय, माझ्याकडून काय तरी मोडलं." दोन तास तसेच बसले होते. एफ-वन त्यांना कुठून कळणार? त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. त्याच संध्याकाळी मी सेटिंगमध्ये शिरून डिस्कची तपासणीच बंद करून टाकली. कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झालेय मी, मला काय अवघड! पुढच्या रविवारी पडदा न थांबता उजळला. बाबा खूश. "बघ, सुधारला."

कॉपी करायची म्हणून पेनड्राइव्ह आणून ठेवला होता. पण रुचिताची छाती सारखी भरायची. वाफ दे, औषध दे, तिचा श्वास मोजत बस. आज करू, उद्या करू.

पावसाळ्यात डिस्क बसली. निकेतने ती नवी मुंबईला एका लॅबमध्ये पाठवली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आतल्या चकतीवर ओरखडे पडलेत, काही निघणार नाही.

बाबांना समोर बसवून मी सगळं सांगितलं. तपासणी बंद केली होती, तेही. त्यांनी रुचिताचा निसटलेला पायमोजा वर ओढला. मग म्हणाले, "तुझ्या एकटीचं न्हाय ह्ये, बाय. आतून टकटक आवाज येत व्हता. दोन म्हयने."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दुरुस्तीला दिला असतास. त्यात माझे किती रविवार गेले असते?"

चहा अर्धा ठेवून उठले. "गाडी चुकंल." गाडीला अजून तास होता.

त्याला आता पाच आठवडे झाले. ते आलेले नाहीत. फोन उचलतात, "बरा हाय, पोरीला जप" म्हणतात आणि ठेवतात. त्यांच्या शेजारच्या भागुबाई फोनवर सांगतात, पाय सुजलेत त्यांचे, चालताना भिंत धरतात. मी निकेतला पाठवलं, तर बाबांनी त्याला बेड्यावरूनच, म्हणजे वाडीच्या फाटकातूनच, परत लावलं. रुचिता न्यूमोनियाने अलिबागला अॅडमिट आहे, तिच्या खाटेवर बसूनच मी हे लिहितेय. मला उठता येत नाही. आणि आपल्या माणसाला ते खरं सांगणार नाहीत, एवढं मला आता कळलंय.

तुम्ही परके आहात. सुट्टीत दिवेआगरला जाता ना? मोरूभाऊंची, म्हणजे माझ्या बाबांची, वाडी कुठली, कुणीही दाखवेल. सुपारी घ्यायला आलोय म्हणा. ओटीवर बसा, घाई करू नका. त्यांचे पाय किती सुजलेत, श्वास लागतो का, तेवढं नीट बघा, आणि मला कळवा.