साल्मनच्या मापाची सीट

मित्रांनो, माझ्या रंगावर जाऊ नका. दुरून मी दुधी आणि निळी दिसते. जवळ आलात की गंजाची तपकिरी नक्षीही दिसेल. मी एक जुनी कॅम्पर व्हॅन आहे. घर म्हणावं तर मला चाकं आहेत, आणि गाडी म्हणावं तर माझ्या पोटात पलंग, शेगडी आणि भांडी घासायचं बेसिन आहे. माझं छप्पर वर उचललं जातं आणि त्याखाली कापडी भिंती उभ्या राहतात. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, आणि दोघांना जोडणाऱ्या पाण्याच्या लांबलचक नळ्या पोटाखालून. वय विचारू नका. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या वुस्टर गावात माझ्या वयाच्या गाड्यांमध्ये आता कोंबड्या राहतात.

पूर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझा पहिला मालक एक डॉक्टर होता. त्याने मला दोनेक उन्हाळे हौसेने हिंडवलं. मग त्याच्या मुलांना विमानाची चटक लागली आणि मी शेडमध्ये, जुन्या पिंपांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिथे एका उंदरिणीने माझ्या गादीत बाळंतपण उरकलं. माझी तक्रार नव्हती. निदान कोणीतरी राहायला आलं होतं.

मग एके दिवशी शेडचं दार उघडलं आणि साल्मन फोर्टेन आत आला. द्राक्षमळ्याचा लॉरी ड्रायव्हर, ताडमाड उंच. बरोबर त्याची बायको ग्रीट. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि पायरीवर उभी राहिली तरी जेमतेम त्याच्या खांद्याला लागायची. साल्मन माझ्याकडे बघत राहिला. ग्रीटने आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

“साल्मन, या म्हातारीच्या अंगाला उंदराचा वास येतोय.”

“म्हातारी काय म्हणतेस? नोई आहे ती, नोई!”

आमच्याकडे घरातल्या तरण्या मुलीला नोई म्हणतात. तेच माझं नाव पडलं. साल्मन माझ्या सीटवर बसला, गुडघे स्टिअरिंगला आपटले म्हणून सीट पार मागे ढकलली, आणि ती तिथेच राहिली.

त्याच वर्षी समुद्रावरच्या ‘फक्त गोऱ्यांसाठी’ लिहिलेल्या पाट्या निघाल्या होत्या. तोवर पांढऱ्या वाळूचा किनारा गोऱ्यांचा, आणि फोर्टेनसारख्या सावळ्या माणसांना खडकांपलीकडचा, सडक्या शेवाळाच्या वासाचा तुकडा. त्या किनाऱ्यावर मिल्कवुडचं एक डेरेदार झाड होतं. लहानपणापासून ग्रीटने ते फक्त रस्त्यावरून पाहिलं होतं. पहिल्या डिसेंबरात साल्मनने मला थेट त्या झाडाखाली नेऊन उभं केलं. ग्रीटने बूट काढले आणि वाळूत नुसती उभी राहिली.

“काय झालं गं? पाण्यात जा की!” साल्मन म्हणाला.

“जाते. जरा बघते आधी, हाकलायला कोणी येतंय का.”

कोणी आलं नाही. तेव्हापासून दर डिसेंबरला ती जागा आमची. तिथल्या तळावर कागद नाही, करार नाही. जो दर वर्षी येतो त्याची जागा लोक सोडतात; लागोपाठ दोन डिसेंबर जागा रिकामी दिसली तर पुढचा माणूस तिथे खुंट्या ठोकतो, आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

मित्रांनो, साल्मनने मला कसं सांभाळलं ते सांगायला हवं. मी आजारी पडायच्या आधीच त्याची औषधं सुरू व्हायची. निघण्यापूर्वी तेल, पट्टा, ब्रेक. गॅसच्या नळीला साबणाचं पाणी लावून तो बुडबुडा येतो का ते डोळे बारीक करून बघायचा. पाण्याच्या टाकीला व्हिनेगरची अंघोळ असायची. आणि समुद्रावरून परतलो की चहासुद्धा न घेता आधी माझं पोट गोड्या पाण्याने धुवायचा, खारटपणा राहू नये म्हणून.

“माझ्या गुडघ्यांना तेल लाव म्हटलं तर तुझे हात दुखतात,” ग्रीट खिडकीतून म्हणायची.

“तुझे गुडघे घाट चढत नाहीत.”

“तुझ्या आईच्या घराचा रस्ता काय सपाट आहे?”

असं आमचं तिघांचं चाललं होतं. त्यांची मुलगी जोलीन माझ्या वरच्या पलंगावर झोपून मोठी झाली, केपटाउनला नोकरीला लागली. एका ख्रिसमसला ग्रीटने घरी आंबवलेली आल्याची बिअर माझ्या कपाटात फुटली. तो वास मी अजून बाळगून आहे. साल्मनची एकच खोड होती. वाळूने भरलेले पाय न झाडता तो आत चढायचा. ग्रीट ओरडायची, तो हसायचा, वाळू सीटखाली जायची.

मग एका हिवाळ्यात साल्मनच्या छातीत कळ आली आणि तो गेला.

ग्रीटने माझ्यातली एकही वस्तू हलवली नाही. त्याची टोपी आरशाला तशीच लटकत राहिली. सीट तशीच मागे. दर रविवारी चर्चमधून ती डोक्यावरच्या हॅटसकट माझ्याकडे यायची, डाव्या बाजूच्या आपल्या सीटवर बसायची, आणि हात लांब करून साल्मनच्या बाजूची किल्ली फिरवायची. मग एक स्तोत्र पूर्ण म्हणायची. स्तोत्र संपलं की इंजिन बंद, माझ्या पत्र्यावर एक थाप, आणि घरी. गल्लीतली माणसं म्हणायची, “बघा, साल्मनची गाडी कशी जिवंत ठेवलीय बाईने!”

मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? तिचा आवाज जरा बसका आहे, पण स्तोत्र सुरात म्हणते. मात्र स्तोत्राएवढ्या वेळात माझं अंग पुरतं तापत नसे. धुराच्या नळीत पाणी साचू लागलं. बॅटरी दर रविवारी द्यायची आणि परत काही मिळवायची नाही. एकाच जागी उभं राहून टायर बुडाशी चपटे झाले. आणि सांगणार कसं? मला हॉर्न आहे, तोंड नाही.

पहिला डिसेंबर दुखवट्यात गेला. झाडाखालची जागा रिकामी राहिली. दुसरा डिसेंबर जवळ आला तशी जोलीन घरी आली.

“मा, ख्रिसमसला मी एक खोली घेतलीय. खिडकीतून समुद्र दिसतो.”

“रस्त्यावरूनही दिसायचा,” ग्रीट म्हणाली. “मी नोईमधून जाणार. आपल्या जागेवर.”

“ती घाट चढेल का आता?”

“दर रविवारी चालू होते ती.”

“चालू होते गं, मा. पण चालते का?”

जोलीनने मग हळूच सुचवलं की शेजारचा बुटा गमीत मला विकत घ्यायला तयार आहे. बुटा म्हणजे थोरला भाऊ. आमच्याकडे शेजारीसुद्धा बुटाच असतो. हा गमीत बस चालवून निवृत्त झालेला, साल्मनएवढाच उंच, आणि त्याच्या बायकोच्या समोशांचं गावात नाव. मला स्टँडसमोर उभी करायची, चाकं काढायची आणि खिडकीतून समोसे विकायचे असा त्याचा बेत होता.

त्याच रविवारी, स्तोत्राच्या ऐन मध्यावर, माझा सायलेन्सर खळ्ळकन खाली पडला.

चर्चमधून परतणारी माणसं थबकली. कोणीतरी हसलं. ग्रीट हॅट सावरत खाली उतरली. कुंपणावरून गमीत आला, उकिडवा बसला आणि त्याने तो सायलेन्सर तिरका केला. आतून गंजाचं लाल पाणी ओघळलं.

“ग्रीट, राग मानू नकोस. पण हिला तू दर रविवारी अर्धवट तापवलीस. नीट फिरवून आणली असतीस तर हे पाणी वाफ होऊन गेलं असतं.”

“म्हणजे मीच हिला…”

“प्रेमानेच केलंस ना! माझी बायको मला प्रेमानेच खायला घालते. बघ हे पोट.”

ग्रीटला हसू आलं नाही. “तुला ही हवीय. मग सांगतोस कशाला? गप्प बसला असतास तर आठवड्यात तुझी झाली असती.”

“समोशाच्या दुकानाला सायलेन्सर लागत नाही, खरं आहे,” गमीत म्हणाला. “पण वर गेल्यावर साल्मनला तोंड दाखवायचंय मला.”

ग्रीटने वाकून ते लाल पाणी बोटाने पुसलं. मग म्हणाली, “चाळिशीला टेकेपर्यंत तो किनारा मी रस्त्यावरून बघितला, बुटा. आता एका नळीपायी जागा सोडू? सांग, काय काय करायचं?”

आणि मित्रांनो, माझ्या अंगाला पुन्हा हात लागले. ग्रीटने साल्मनचा कामाचा झगा चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. तेल काढलं तर ते दूध घातलेल्या कॉफीसारखं निघालं. “शी! हे पीत होतीस तू?” ती मला म्हणाली. इंधनाच्या रबरी नळ्या गमीतने जराशा वाकवल्या आणि त्या तडकल्या.

“हे आधी बदलायचं. बाकी सगळं कुरकुर करून बंद पडतं. ही मात्र न सांगता पेट घेते.”

टायरवरची नक्षी खोल आहे म्हणून ग्रीट खुशीत होती. गमीतने तिला बाजूने बोट फिरवायला लावलं. रबराला म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारख्या भेगा होत्या. टायर गेले. सरकत्या दाराखालच्या, पाणी निचरायच्या भोकांमध्ये पालापाचोळा बसला होता. तो तिने विणकामाच्या सुईने काढला. छपराचं कापड तिने स्वतः शिवलं आणि त्यात गमीतला हात लावू दिला नाही. नवीन पाणी भरल्यावर गल्लीच्या चढावर माझं नाक वर करून मला उभं केलं, म्हणजे लांब नळ्यांत अडकलेली हवा पुढून निघून जाईल. मी दोनदा ढेकर दिली. गल्ली हसली. या वेळी ग्रीटही हसली.

मग गमीतने मला टेकडीपर्यंत फिरवून आणलं. सीट त्याला बरोबर बसली. इंजिनाच्या तापाचा काटा मधोमध राहिला. ग्रीट डावीकडे बसून सगळा वेळ बाहेर बघत होती.

ठरलं असं की गमीतने मला समुद्रावर पोचवायचं आणि बसने परतायचं. जोलीन केपटाउनहून येणार होती. निघायच्या सकाळी गमीत समोशांचा डबा घेऊन आला, डावं दार उघडलं आणि ग्रीटच्या जागेवर ऐसपैस बसला.

“तिकडे कुठे? तुझी बाजू ती,” ग्रीट म्हणाली.

“पाठीत उसण भरलीय.”

“काल तर टायर उचलत होतास!”

“म्हणूनच भरली ना. आणि शाळेच्या स्वयंपाकघराची गाडी इतकी वर्षं कोण चालवायचं? मी?”

“ती वेगळी गोष्ट. ही साल्मनची जागा आहे.”

गमीतने डबा मांडीवर घेतला आणि समोर बघत राहिला.

ग्रीट माझ्या पुढून वळसा घालून आली. दार उघडलं, चढली, बसली. पाय अधांतरी. बुटाचं टोक क्लचला कसंबसं लागत होतं. तिने सीटखालचा दांडा ओढला. सीट हलली नाही. साल्मनने पहिल्या दिवशी मागे ढकलल्यापासून ती कोणी सरकवलीच नव्हती. माझ्या अंगाचा प्रत्येक सांधा त्यांनी तपासला होता. हा एक कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

“पाठीशी उशी देऊ का?” गमीतने विचारलं.

“उशी नको. पाहुणीसारखी टेकून मी घाट चढणार नाही.”

ती खाली उतरली, गुडघे टेकले, आणि जुना टूथब्रश नि तेलाची बुधली घेऊन सीट जिच्यावर सरकते ती लोखंडी पट्टी घासू लागली. घासता घासता तिथून वाळू सांडू लागली. पांढरी, बारीक, शिंपल्यांच्या कपच्या असलेली. वर्षानुवर्षांच्या डिसेंबरांची वाळू, साल्मनच्या पायांनी आणलेली.

“किती सांगितलं याला!” ग्रीट ओरडली. “किती वेळा सांगितलं, पाय झाडून चढ म्हणून! ऐकेल तर शपथ!” ती रागावली होती, हसत होती आणि तिच्या नाकातून पाणी वाहत होतं. गमीतने डब्याचं झाकण उघडलं आणि समोसे अगदी बारकाईने तपासले.

तिने तेल सोडलं, दांडा ओढला, खांदा लावून रेटा दिला. सीट कुरकुरली. मग कट्, कट् करत पुढे आली आणि ग्रीटच्या मापाला थांबली.

घाटात ऊन तळपत होतं. अर्ध्या चढावर माझा काटा लालकडे सरकला. ग्रीटने वेग कमी केला आणि आतला हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची धग आमच्याकडे यावी. साल्मन हेच करायचा; डाव्या सीटवरून तिने ते इतकी वर्षं पाहिलं होतं.

“समोसे तळायला गाडी मागितली होती,” गमीत घाम पुसत म्हणाला, “तू मलाच तळायला काढलंस!”

काटा मागे आला. माथ्यावरून पलीकडे समुद्राची निळी रेघ दिसली.

मिल्कवुडच्या झाडाशेजारी एक कुटुंब घुटमळत होतं. त्यांच्या हातात खुंट्या होत्या, हातोडीही होती. पण मला पाहताच म्हाताऱ्या बाईने आपली खुर्ची उचलली आणि हाक दिली, “आलीस होय गं? आम्ही म्हटलं, सूर्य कलेपर्यंत वाट बघू.”

ग्रीट बूट काढून थेट पाण्यात गेली. परत आली तेव्हा दाराशी पाय झाडायला वाकली, थबकली, आणि तशीच वाळूच्या पायांनी आत चढली.

ती वाळू पुन्हा सीटखाली जाते, मित्रांनो. पण आता घरी पोचलं की ग्रीट आधी माझं पोट धुते, मग ती पट्टी झाडते आणि तेलाचा थेंब सोडते. रविवारी चर्चनंतर आम्ही टेकडीपलीकडे जाऊन येतो. सगळी स्तोत्रं वाटेत होतात. साल्मनची टोपी आरशावर आहे. गमीत अजून अधूनमधून माझ्या चाकांकडे बघून उसासा टाकतो.

तुमच्याही घरी कोणाची तरी सायकल असेल, शिवणयंत्र असेल, माझ्यासारखी गाडी असेल. तिला नुसती पुसून, आठवण म्हणून उभी करू नका. तेल द्या, तपासा, दूरवर चालवा. आणि एवढं एक जरूर करा: तिची सीट तुमच्या मापाची करून घ्या. ज्याची ती होती, तो रागावत नाही. मला विचारा, मी त्याला चांगली ओळखते.