वाळवी न लागणारं लाकूड

स्लीपर मीच आणले, हे आधीच सांगून टाकतो. कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको.

रुळांखालची ती जुनी लाकडं भंगारात निघाली होती. रेल्वेतल्या नोकरीची तीस वर्षं मी अशाच लाकडांना डांबराचं तेल पाजलं, क्रिओसोट म्हणतात ते. टाकून द्यायला जीव होईना. चार स्लीपर घरी आणले आणि मागच्या अंगणात नातीसाठी वाळूचा हौद केला. नात चार वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. "पन्नास वर्षं हलणार नाही," मी सुनेला ऐटीत सांगितलं, "याला वाळवीसुद्धा तोंड लावत नाही!"

ऊन तापलं तसं लाकडातून काळं पाझरू लागलं. भिंगरी काठावर बसून वाळूची घरं करायची आणि तीच बोटं तोंडात घालायची. तिच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले.

"डांबरानं कुणी मरत नाही," मी म्हणालो. "मला बघ, कसा ठणठणीत आहे."

सून शाळेत विज्ञान शिकवते. तिनं हौदाजवळ उकिडवं बसून एक काळा थेंब काडीनं उचलला, बराच वेळ न्याहाळला. मग म्हणाली, "बाबा, जे वाळवीला सोसत नाही, ते हिला कसं सोसेल?"

मी भिंगरीला उचललं आणि तिचे हात धुवायला नेलं.

दुसऱ्याच दिवशी भिंगरीची लघवी तपासायला दिली. मी हौद उखडला आणि लाकडं पेटवायला निघालो, तर सून धावत आली. "जाळू नका! धुरातूनही तेच निघतं." शेवटी ती लाकडं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवली. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. दुपारी भिंगरी झोपली की मी शेजारी बसून तिचा श्वास ऐकायचो. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायचीही लाज वाटत होती.

डॉक्टरबाईंनी विषाचं नाव सांगितलं, पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन. मालगाडीएवढं लांब. "लघवीत त्याची खूण जास्त आहे. आता संपर्क थांबलाय, तर ती उतरेल."

"आणि पुढे?" सुनेनं विचारलं.

"बहुतेक काही होणार नाही. पण तसं लिहून कुणीच देणार नाही. कॅन्सर झालाच तर वीस-तीस वर्षांनी कळेल."

मी एकाहत्तरचा. म्हणजे मला कळणारच नव्हतं.

उठताना भिंगरीला उचलायला मी हात पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो मध्येच धरला आणि दिव्याखाली नेला.

"मनगटावरचा हा फोड कधीपासून आहे?"

"झाली दोन वर्षं. चामखीळ असेल, म्हातारपणाची."

त्यांनी फोड दाबून पाहिला. "काका, तुम्ही हे तेल किती वर्षं हाताळलंत?"

"तीस."

"उद्याच या. याचा तुकडा काढून तपासायला हवा."

 भिंगरीनं वाकून त्या फोडावर हळूच बोट ठेवलं.

"आजोबा, मोठी झाल्यावर मलापण असं होईल?"

सुनेनं तिचं बोट झटकन मागे ओढलं. जन्मभर मी येईल त्याला छातीठोकपणे "काही होत नाही" असंच सांगत आलो. आत्ताही तेवढंच म्हणायचं होतं. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, आणि माझी जीभ उचलेना.