जोडीचा नवस

माझ्या उजव्या हाताला पहिल्यांदा काही कळेनासं झालं ते त्र्याहत्तर साली, लूमवर. भिवंडीत कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात मी चार लूम चालवायचो. मुकादम तागा हातात धरून माझ्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, "महादू, हे काय रे? कापड विणतोस की कोंबडी कापतोस?" कापडावर हातभर रक्ताचे ठिपके होते. मी हाताकडं पाहिलं. करंगळी पार हाडापर्यंत चिरली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

महिन्याभरात सगळ्यांना पत्ता लागला. करंगळीपासून कोपराच्या खालपर्यंत फिकट चट्टा होता. सरकारी दवाखान्यातून केसरीनाथ नावाचा माणूस सायकलवरून घरी आला. त्यानं मला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, "हातावर पीस फिरवलेलं कळतंय का?" मी म्हटलं, "आधी फिरवा तर." तो म्हणाला, "फिरवून झालं."

त्यानं पांढऱ्या गोळ्या दिल्या. म्हणाला, "हा महारोग आहे. पण तुझा प्रकार दुसऱ्याला लागणारा नाही. बायकापोरांत रहा, गोळी मात्र चुकवू नको."

आमची आई, धोंडूबाई, दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर ती म्हणाली, "सायकलवाल्याचं काय जातंय बोलायला? त्याच्या घरात तान्हं पोर न्हाय ना!"

आमच्या घरात होतं. माझी लेक तुळजा तेव्हा पाच महिन्यांची होती.

त्या दिवसापासून माझं अंथरूण बाहेर ओट्यावर पडलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा. लूम सुटला. धामणकर नाक्यावर सुताच्या पेट्या उतरवायचं काम मिळालं, ते पूर्ण बाहीचा सदरा घालून, मनगटाचं बटण लावून करायचो. आईला मी दोष देत नाही. तिनं लहानपणी गावाबाहेरच्या झोपडीत टाकलेली माणसं पाहिली होती, आणि तिला नात वाचवायची होती.

माझी बायको राही हिनं मला कधी शिळं वाढलं नाही. भाकरी तव्यावरून उतरली की पहिली माझ्या ताटात यायची. पण ताट खाली ठेवून ती दोन पावलं मागं सरायची, आणि मग मी ते उचलायचं. तुळजा आत चालायला शिकली. तिचे वाळे मला ओट्यावर ऐकू यायचे. ती उंबऱ्यापर्यंत धावत यायची, की आई तिला मागून उचलायची. पोरीच्या केसांना कसला वास येतो, हे बापाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी राही भांडी घासायला बसली की मी तिच्या बांगड्या ऐकत बसायचो. बोलायला काही बंदी नव्हती, पण काय बोलायचं ते दोघांनाही सुचत नसे.

कामावरून सुटलो की तळ्याकाठच्या वऱ्हाळादेवीच्या देवळात जायचो. तिथला पुजारी तीर्थ सगळ्यांच्याच हातावर वरून सोडतो. तेवढ्या एका जागी मी सगळ्यांसारखा होतो. तीर्थ घेऊन पायरीवर बसायचो आणि देवीशी भांडायचो. "आई, तुझा हात माझ्यावरून उठला. का उठला तेवढं सांग." देवी काही सांगायची नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा जायचो. जाण्यासारखं दुसरं ठिकाणच नव्हतं.

तुळजाला तिसरं वर्ष संपता संपता गोवर आला. पोर आठ दिवस तापानं भाजत होती. मी ओट्यावर आणि ती आत. नवव्या दिवशी ताप उतरला. ती पेज मागून प्याली, ते मी दाराच्या फटीतून पाहिलं.

पुढच्या आठवड्यात आई राहीला म्हणाली, "नवस बोलली होतीस ना? उरकून टाकू. काय बोललीस?"

"वज्रेश्वरीला जोडीनं अभिषेक करीन, असं बोलले."

"जोडीनं?" आईचा आवाज चढला. "बोलताना जीभ कुठं ठेवली होतीस?"

"मांडीवर तापलेलं पोर होतं, आई. तोंडातून जोडीच आली."

आईनं डब्यातून सुपारी काढली. मग म्हणाली, "काय हरकत न्हाय. नवरा परगावी असला की बायका कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतात. तशी बस. भटजीला सांगू, आजारी हाय म्हणून."

राही काय बोलते ते ऐकायला मी श्वास धरून बसलो. सुपारी नारळाबरोबर पिशवीत गेली.

मला तिला विचारायचं होतं, तू काय करणार आहेस? चार दिवस ते ओठांवर होतं. विचारलं असतं आणि ती म्हणाली असती की सुपारीच बरी, तर मग मला ओट्यावरसुद्धा राहता आलं नसतं.

आम्ही भिवंडीहून एसटीनं गेलो. पिशव्या धरायला मी लागतच होतो. बसमध्ये जागा असून मी उभा राहिलो. तुळजा आजीच्या मांडीवरून माझ्याकडं बघून हसत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. वज्रेश्वरीच्या उंच पायऱ्या चढून वर गेलो. मंडपात मी मागच्या खांबाला टेकलो.

भटजींनी विचारलं, "यजमान कुठं आहेत?"

"आजारी हाय हो तो," आई म्हणाली. "सुपारी आणलीया."

राही तोवर पाटावर बसली होती. ती मागं न वळताच म्हणाली, "यजमान खांबाला टेकून उभे हायेत."

"राही!"

"नवरा जिता हाय, चार पावलांवर हाय, आन् मी सुपारीसंगं बसू? पायऱ्या चढताना देवीनं वरून बघितलं असंल त्यांना."

"बसायचं असेल तर बसा लवकर," भटजी म्हणाले. "मागं आणखी पाच जोड्या खोळंबल्यात. आणि सदरा काढा."

अडीच वर्षांत मी चारचौघांत सदरा काढला नव्हता. बटणं निघेनात. चट्टा गोळ्यांनी बराचसा पुसट झाला होता, पण बघणाऱ्याला दिसला असता. राहीनं पाहिला. मी पाटावर तिच्या डाव्या हाताला बसलो. मध्ये वीतभर जागा होती.

भटजींनी माझ्या उजव्या तळहातावर पाणी घातलं. "बाई, यजमानांच्या हाताला हात लावा," असं म्हणून त्यांनी मंत्र सुरू केला.

मी समोर देवीकडं बघत राहिलो. बाजूला बघायची छाती नव्हती. वाट बघत होतो. काही लागलं नाही. मंत्र पुढं चालला होता. मनात म्हटलं, इथवर आणलंस आई, पाटावर बसवलंस, आणि तरी तिला भीती वाटतेच आहे. वाटू दे. तिची चूक नाही. डोळे भरून आले, म्हणून मी मान खाली घातली.

तिचा हात माझ्या हातावर होता. बोटं टेकवलेली नव्हती, सगळा तळवा ठेवला होता, चट्ट्यावर. कधीपासून होता कुणास ठाऊक. मला कळलंच नव्हतं. आणि तळ्याकाठच्या पायरीवर बसून मी इतकी वर्षं कसलं भांडण केलं, ते त्या क्षणी ध्यानात आलं. हात उठला आहे, हे मी कशावरून ठरवलं होतं? मला कळत नव्हतं, एवढ्यावरून.

"तिथं मला कळत न्हाय," मी हळूच म्हटलं.

राहीनं मान वळवली. "मग कुठं कळतं?"

मी डाव्या हातानं कोपराच्या वर दाखवलं. तिनं हात उचलला आणि तिथं ठेवला. तिचा तळवा खरखरीत झाला होता, राखेनं भांडी घासून. आणि गरम होता.

भटजी मध्येच थांबले. "बाई, हाताला म्हटलं मी. दंडाला नव्हे."

"दंड हाताचाच असतो, भटजी," राही म्हणाली, आणि तिनं हात काढला नाही.

माझं सगळं ध्यान दंडाकडं गेलं आणि तळव्यातलं पाणी सांडलं. भटजींनी पळीनं पुन्हा घातलं. तेही सांडलं. मागच्या जोड्या कुरकुरायला लागल्या. त्यांनी तिसऱ्यांदा पळी भरली.