मधल्या गाळ्यावरची गर्दी

यशोधरानं सही केली नाही, आणि त्या दिवसापासून इंदूरच्या त्या पुलांच्या कचेरीत तिच्याशी कुणी धड बोलेना.

नर्मदेवर नवा पूल व्हायचा होता. काँक्रीटचे दोन उंच मनोरे, आणि त्यांच्या माथ्यांवरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या पोलादी दोरांनी तोललेला रस्ता. मनोऱ्यांचं गणित मोठे साहेब नानासाहेब यांनी स्वतः केलेलं. ते तपासून सही करणं यशोधराचं काम. नानासाहेबांनी पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत गाड्यांनी गच्च भरलेला धरला होता. याहून जास्त वजन आणणार कुठून, असं ते सगळ्यांना ऐकवत.

यशोधराचं नेमकं तिथंच अडलं होतं. सगळा पूल भरला की दोन्हीकडचे दोर मनोऱ्याला सारखेच ओढतात आणि तो सरळ उभा राहतो. पण नुसत्या नदीवरच्या मधल्या गाळ्यावर, म्हणजे दोन मनोऱ्यांमधल्या भागावर, गर्दी झाली आणि काठाकडचे गाळे रिकामे राहिले, तर मनोरा नदीकडे वाकणार आणि त्याची काठाकडची बाजू ताणली जाणार. काँक्रीट दाबाखाली पहाडासारखं असतं, ताण आला की तडकतं. त्या बाजूला ताण सोसणारं लोखंड वाढवा, एवढंच ती मागत होती.

"लोक बीचमध्येच कशाला थांबतील, यशोधराजी?" नानासाहेब म्हणाले. "पुलावर काय मुक्काम करणारेत? सोमवारी सही पाहिजे, नाहीतर बदलीवर झाबुआला जायची तयारी ठेवा."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं वडिलांनी, लक्ष्मीकांतरावांनी, बजावलं. त्यांची उमर होळकरांच्या दप्तरात मान खाली घालून गेली होती. यशोधरा घाबरली होती, खोटं कशाला बोला; पण घाबरली त्याहून जास्त चिडली होती. तिनं ट्रंक बांधायला घेतली.

सोमवारी सही मागण्याआधी साहेबांनी सगळ्यांना जागा पाहायला नेलं. दोन जीपगाड्या नदीवरच्या जुन्या पुलावर चढल्या. बरोबर मध्यावर नानासाहेबांनी जीप थांबवायला लावली. मागचीही थांबली. सगळे उतरले, जोडे काढून कठड्याशी गेले. नर्मदामैयाला नाणं वाहिल्याशिवाय माळव्यातला माणूस पुढं जाईल थोडाच. त्यात अमावास्या. समोरून आलेली इंदूरची बस तिथंच थांबली, तिच्यामागं बैलगाड्या लागल्या, बायाबापड्यांची झुंबड उडाली.

यशोधरानंही नाणं टाकलं, हात जोडले. मग ती नानासाहेबांशेजारी जाऊन उभी राहिली.

"साहेब, आपण सगळे कुठं थांबलोय? आणि काठाकडं कोण आहे, जरा बघून घ्या."

नानासाहेबांनी वळून पाहिलं. ते आले होते त्या काठाकडचा पूल ओस पडला होता, तिकडे एक गाय तेवढी रवंथ करत बसली होती. लहानपणापासून ते इथं थांबत आले होते, आणि गणित मांडताना तेवढंच विसरले होते. त्यांचं नाणं हातातच राहिलं.

मग तिच्याकडे न बघता नानासाहेब म्हणाले, "गणित नव्यानं मांडावं लागेल."

"मांडून ठेवलंय," यशोधरा म्हणाली. "आता सही तुमची पाहिजे."