बरणीतलं कोमट पाणी

पान बोटाला चिकटून आलं. ओढलं नव्हतं, नुसतं बोट लावलं होतं... आणि ते देठापासून सुटलं, शिजलेल्या मेथीसारखं. काचेच्या बरणीतलं हे पाणगवत सून माहेराहून घेऊन आली होती, सुरतेतच कतारगामला तिच्या बापाचं शोभेच्या माशांचं दुकान होतं तिथून. "आमच्याकडे गवत बैलांना घालतात, बरणीत नाही मांडत," असं अनुसया तेव्हाच म्हणाली होती. हिवाळाभर ते तसूभर वाढलं नाही. मग होळीनंतर पाण्याला ऊब आली आणि सरसर वर निघालं... तेव्हा शेजारच्या मंगलाबाईला बोलावून दाखवणारीही तीच, जणू स्वतः लावलं होतं. ऊब लागतेच सगळ्या जिवांना. हे काय मला बरणीने शिकवावं?

बाळंतिणीच्या खोलीत बरणी तिनेच आणून ठेवली होती, सुनेला बघायला तेवढंच. आता बोट खोल बुडवलं, तर पाणी अंघोळीचं! कुणी तापवलं नव्हतं. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, पंखा बंद, खिडकीला गोधडी, आणि डोक्यावर डिंडोलीतल्या घराचा वैशाखात तापलेला पत्रा.

"फार तापलं की वाढत नाही ते, आई," खाटेवरून वर्षा हळूच म्हणाली. "पाण्यात हवा उरत नाही. नुसता श्वास घेण्यातच जीव खर्ची पडतो त्याचा. बाबा उन्हाळ्यात माठाशेजारी ठेवायचे."

"पडून राहा. कानाचा फडका सोडू नकोस."

वर्षाने फडका पुन्हा आवळला. तिच्या कुशीतली पोर सकाळपासून अंगावर पीत नव्हती. कढत अंग, मानेच्या वळीत लालभडक पुरळ. मुलगा योगेंद्र यंत्रमागावर कामाला जाताना दारात घुटमळला होता, "आई, दवाखान्यात दाखवू का?"... "दाखव की! डॉक्टरला विचार, त्याने किती बाळंतपणं काढली!" आणि तो गेला, मान खाली घालून. सगळे असेच जातात. मला वाटतं मी जिंकले.

चार पोरं वाढवली अशीच शेकून... पण ते घर, चाळीसगावकडचं, हातभर जाड मातीच्या भिंतींचं, वर मातीचंच धाबं. माघातल्या पहाटे तिथे दात वाजायचे, आणि निखारे विझले की सासू अंगावर धावून यायची. सुरतेला येताना शेगडी गाठोड्यात बांधून आणली. भिंती नाही आणता आल्या. इतकी वर्षं हे सुचलंच नाही... का सुचू दिलं नाही?

"अनुसयाबाई, निखारे आणू का वं?" मंगलाबाई दारात उभी. "चूल पेटलेलीच आहे."

"राहू दे."

"अवं, पण बाळंतिणीला..."

"राहू दे म्हटलं ना! तुझ्या कानात बोळे आहेत का?"

मंगलाबाई पुटपुटत गेली. अनुसयाने खिडकीवरची गोधडी ओढून काढली. वारा आला, गरमच, पण वारा. पोरीला मांडीवर घेऊन तिने टोपरं सोडलं. टाळू भराभर उडत होती. तिने ओठाला बोट लावून पाहिलं. पोरीने तोंड हलवलं नाही. या घरात अडलं की सगळे आपल्याला विचारतात... आणि आपण? आपल्या वरचं कुणी उरलंच नाही.

"वर्षा," ती म्हणाली. आवाज आपला नाहीच, असं तिला वाटलं. "दवाखाना कुठला म्हणत होता गं योगेंद्र?"

वर्षा उठून बसली, आधी तिने कानाचा फडका सोडला. आणि अनुसयाच्या ध्यानात आलं, की आजवर घरातले सगळे जसे आपल्या तोंडाकडे बघत आले, तशी आपण या सुनेच्या तोंडाकडे बघतो आहोत... ती काय म्हणेल, या भीतीने.